चहाचं बघा

धोपेश्वरकर चित्रसंग्रहालयाच्या सहायक मंडळात कधी कुणी हात वर करून मत दिलं नाही. आवाजी मतदान नाही, चिठ्ठ्या तर नाहीतच नाहीत. चहा आला की ठराव मंजूर, हा तिथला कायदा. ज्याला जे बोलायचं ते त्याने चहाच्या आधी बोलून घ्यावं. कप हातात आला की विषय संपला. त्यानंतर तोंड उघडणाऱ्याकडे बाकीचे सभासद अशा नजरेने बघत, की पुढच्या खेपेला तो आपणहून गप्प बसे.

ही पद्धत कुणी घालून दिली हे आता सांगता येत नाही. म्हणे फार पूर्वी दालनाला पडदे हिरवे घ्यायचे की तपकिरी, यावरून दोन सभासद सकाळपासून भांडत होते. शेवटी चहा आला तेव्हा दोघेही दमून गप्प झाले. तेव्हाच्या कार्यवाहांनी संधी साधली आणि 'मंजूर' असं लिहून टाकलं. कुठला रंग मंजूर झाला हे कुणी विचारलं नाही. पडदे आजतागायत आलेले नाहीत. पद्धत मात्र राहिली.

संग्रहालय बिबवेवाडीला, टेकडीच्या उतारावरच्या एका बैठ्या बंगल्यात. धोपेश्वरकर मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि रविवार आला की सायकलला रंगांची पेटी अडकवून गावं गाठायचे. हडपसर, वाघोली, मुंढवा. तेव्हा ती खरोखरची गावं होती. मास्तर गेले, मागे मूलबाळ नव्हतं, बंगला आणि चित्रं ट्रस्टकडे गेली. विश्वस्त म्हणजे मास्तरांचे दोन पुतणे, एक ठाण्याला आणि एक कॅनडात. मंडळ जे पाठवेल त्यावर सही करायची, एवढंच त्यांचं काम. बाकी सगळं सहायक मंडळाने करायचं. दार उघडायचं, केर काढायचा, आलेल्यांना चित्रं दाखवायची, पावसाळ्यात गळतीखाली बादल्या लावायच्या. आणि हे सगळं विनामूल्य. पुण्यात फुकट काम करायला माणूस मिळत नाही असं कोण म्हणतं? मिळतो की. एकच मिळतो, आणि मग बाकीचे सगळे त्यालाच धरून बसतात.

इथे तो माणूस म्हणजे विमलताई खांबेटे.

विमलताई एका राष्ट्रीयीकृत बँकेत कॅशला होत्या. दोन हजार सालच्या सुमाराला बँकेत कॉम्प्युटर आले, पाठोपाठ स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, आणि विमलताईंनी काउंटरवरची मान वर करून पाहिलं तर आजूबाजूचे निम्मे जण अर्ज भरून मोकळे झाले होते. मग त्यांनीही भरला. यजमान आधीच गेलेले. मुलगा रविराज आयटीत. त्याची नोकरी हिंजवडीला आणि फ्लॅट वाघोलीला, म्हणजे तो मुख्यतः रस्त्यावरच राहायचा. घरी एकटीने बसून करायचं काय, म्हणून शेजारणीबरोबर त्या एकदा मंडळाच्या सभेला गेल्या. कार्यवाह दीनानाथ सबनीस यांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"आपण नवीन ना?" ते म्हणाले. "मग आजच्या दिवस जरा चहाचं बघा."

दहा वर्षं होत आली, तो आजचा दिवस काही संपला नाही. शेजारीण दुसऱ्याच सभेपासून यायची बंद झाली. ती हुशार होती.

दीनानाथ सबनीस एका कॉलेजचे निवृत्त रजिस्ट्रार. अंगावर इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट आणि बोलणं असं, की समोरच्याला आपला अपमान झाला हे घरी गेल्यावर कळावं. एकदा एका पाहुण्याने विचारलं होतं, "इथे बघण्यासारखं काय आहे?" त्यावर दीनानाथ म्हणाले, "ते बघणाऱ्यावर आहे." पाहुणे परत आले नाहीत. तसा माणूस वाईट नव्हता. मंडळ मोडू नये म्हणून ते जिवाचं रान करत. फक्त रान कुणी तुडवायचं, हे ते ठरवत.

चहाबरोबर हळूहळू किल्लीही विमलताईंकडे आली. बुधवारी आणि शनिवारी दुपारी संग्रहालय उघडं. पाऊस संपून ऊन तापायला लागलं की भिंतीवरची चित्रं उतरवायची, मागची धूळ झटकायची, सावलीत वारा द्यायचा आणि चौकटीच्या पाठीमागे वेखंडाची पुरचुंडी अडकवायची, म्हणजे कसर लागत नाही. पहिल्या वर्षी या कामाला सगळं मंडळ आलं होतं, फोटोसुद्धा काढले. पुढे पुढे विमलताई आणि एक झाडूवाली. फोटो तेच जुने अहवालात छापले जात.

पुढच्या दालनात मास्तरांची मोठी चित्रं होती. देवादिकांची, संस्थानिकांची, झुपकेदार मिशांची. देणगीदार आले की तिथेच उभे राहून फोटो काढत. मागच्या खोलीत मात्र गावाकडची छोटी चित्रं होती. बांध, ओढे, कडब्याच्या गंजी, उसाला पाणी देणारा माणूस. त्या खोलीला बागेकडे उघडणारी मोठी खिडकी होती, आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर विहिरीचं चित्र होतं. विहिरीवर मोट, पाटातून वाहणारं पाणी, आणि डोक्यावर पाटी घेऊन पाठमोरी चाललेली एक बाई. चित्राखालचा मूळ कागद कधीच कसरीने खाल्ला होता. मंडळाने नवीन चिठ्ठी लावली: 'विहीर, पुण्याजवळ'. यावर चहा झाला होता, त्यामुळे ते कायम.

तर या विहिरीची गंमत अशी, की ती बऱ्याच जणांची होती.

हडपसरचे भैरूअण्णा दर बुधवारी यायचे. त्यांच्या रानावर आता काचेची आयटी पार्क उभी होती. पोरांनी चार मजली घर बांधलं होतं, दारात दोन गाड्या होत्या, पण अण्णा यायचे पीएमटीच्या बसनेच. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. खोलीतल्या स्टुलावर बसायचे आणि विहिरीकडे बघायचे.

"ही आमची हीर हाय," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "आन ही चाललीय ती आमची मालकीण. बायडाबाई. नवीन लगीन झाल्यालं तवा."

"मग त्यांना आणा की एकदा," विमलताई म्हणाल्या.

"इचारलं. ती म्हनती, स्वतःची पाठ बघाया एवढ्या लांब कशापायी येऊ?"

विमलताई खूप दिवसांनी मोकळेपणी हसल्या होत्या. पुढे कधीतरी मार्केट यार्डाबाहेर पालेभाजी विकणाऱ्या सोजरबाई पाणी प्यायला आत आल्या, त्यांनी चित्र बघून पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, ही तर माझ्या बापाच्या मळ्यातली विहीर, इथंच बिबवेवाडीत होती, आता तिच्यावर सोसायटी हाय. आणि वाघोलीचे एक गुरुजी तर विहिरीची खोली किती होती हेसुद्धा सांगायचे. विमलताईंनी तिघांनाही एकच उत्तर दिलं, "हो, तुमचीच असेल." खरं काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची इच्छाही नव्हती. मास्तरांनी काय सातबारा काढून चित्र काढलं होतं?

पण हे झालं चांगल्या दिवसांचं. हल्ली विमलताई थकल्या होत्या. नुसत्या दमल्या नव्हत्या, आतून थकल्या होत्या. गुडघे बोलायला लागले होते. बसच्या पायरीवर चढताना मागचा माणूस 'आजी, चला लवकर' म्हणे आणि त्यांना कंडक्टरच्या हातातला पंच घेऊन त्याच्या डोक्यात घालावासा वाटे. संग्रहालयात दिवस दिवस कुणी फिरकत नसे. आले तर कॉलेजची जोडपी, पंख्याखाली बसायला. त्यांना चित्रांची माहिती सांगायला गेलं की ती मोबाईलवरून नजर न काढता 'हो काकू, नाइस' म्हणायची. रविराज फोनवर विचारायचा, "आई, तुला तिथे मिळतं काय?" यावर काय सांगायचं? गुडघेदुखी मिळते, म्हणून सांगायचं?

आणि तिकडे वाईला वेणू वाट बघत होती.

वेणू त्यांची धाकटी बहीण. तीही एकटीच. डोळ्यांना काचबिंदू झालेला, एका डोळ्याचं दिसणं जवळजवळ गेलेलं, दुसऱ्याचं चाललेलं. दोघींनी मिळून वाईला राहायचं हे ठरून किती वर्षं झाली होती कोण जाणे. दर दिवाळीला विमलताई म्हणायच्या, या दिवाळीनंतर नक्की. वेणूची जीभ विमलताईंपेक्षा धारदार.

"लवकर ये गं बाई," ती फोनवर म्हणायची. "नाहीतर तू आलीस की दुसरीच कोणी आली, हे मला कळायचं नाही."

विमलताई हसायच्या आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच बसून राहायच्या.

असं नाही की त्यांनी राजीनामा दिला नव्हता. चांगला तीनदा दिला. पण राजीनामे विषयपत्रिकेत सगळ्यात शेवटी. त्याआधी छताची गळती, अहवालाची छपाई, दिवंगत सभासदांना श्रद्धांजली. या सगळ्यात दीनानाथ मधेच घड्याळ बघत आणि हाक मारत, "विमलताई, चहाचं बघा." विमलताई उठून आतल्या ओट्याशी जात. आधण ठेवायचं, आलं ठेचायचं, दूध उतू जाऊ द्यायचं नाही. त्या ट्रे घेऊन बाहेर येत तेव्हा राजीनाम्याच्या अलीकडचा विषय चाललेला असे. कप वाटून झाले की दीनानाथ डायरी मिटत. चहानंतर काही घ्यायचं नाही. राजीनामा पुढच्या सभेवर. असं तीन वेळा झालं, आणि तिन्ही वेळा ट्रे त्यांच्याच हातात होता. वेणूला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, मग एकदा चहा करू नकोस की!" विमलताईंना ते पटलं नाही. सभेला आलेल्या माणसांना चहा नाही द्यायचा म्हणजे काय? ते त्यांच्या हाडात नव्हतं.

त्या वर्षी मंडळात उत्कर्षा आली. तिशीच्या आतली, एका आयटी कंपनीत सामाजिक उपक्रमांचं काम बघणारी. पोरगी मनापासून काम करायची, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तिच्या कंपनीला पैसे द्यायचे होते, आणि तिने धडपड करून ते संग्रहालयाकडे वळवले होते. छप्पर नवं, दिवे नवे, स्वच्छतागृहं नवी. सभेला ती लॅपटॉप घेऊन आली.

त्या सभेच्या आधी विमलताईंनी दीनानाथांना दारातच गाठलं होतं. "आज माझा विषय पहिला घ्या. बहिणीला दिसेनासं झालंय."

"घेऊ, घेऊ," दीनानाथ म्हणाले. पण उत्कर्षाचा लॅपटॉप आधीच उघडलेला होता.

"सो बेसिकली," उत्कर्षा म्हणाली, "मागच्या खोलीला गार्डन व्ह्यू आहे ना, तर तिथे एक लाउंज आणि छोटा कॅफे. कंपनीचं नाव दारावर. आणि तिथली जी पेंटिंग्ज आहेत ती आपण सेफली स्टोअर करू. वाघोलीला आमचं गोडाऊन आहे, टेम्परेचर कंट्रोल्ड. इकडे एका स्क्रीनवर सगळी दिसतील. टच करायचं, झूम करायचं."

"विमलताई, चहाचं बघा," दीनानाथ म्हणाले.

आणि विमलताई उठल्या. अहो, सवय! माणूस झोपेतसुद्धा आपल्या नावाला ओ देतो. त्या ओट्याशी गेल्या, आधण ठेवलं. बाहेरचं अर्धवट ऐकू येत होतं. लाउंज, स्क्रीन, गोडाऊन. मागची खोली म्हणतायत का? बाहेर जावं का? पण दूध वर यायला लागलं होतं. त्यांनी आच कमी केली, चहा गाळला, कप मांडले, ट्रे उचलून बाहेर आणला. सगळ्यांनी एकेक कप घेतला. दीनानाथांनी घोट घेतला आणि म्हणाले, "चला. मंजूर."

"काय मंजूर झालं?" विमलताईंनी विचारलं.

"मागच्या खोलीचं."

ट्रे त्यांच्या हातातच होता. त्या खोलीवर आपण काहीतरी बोलणार होतो, नाही म्हणणार होतो, आणि तिच्यावर आपणच आपल्या हाताने चहा आणून ठेवला, हे त्यांना उभ्या उभ्या कळलं.

"अहो, पण माझं ऐकून तरी..."

"चहा झाला ना, विमलताई," दीनानाथ म्हणाले. मग त्यांचा आवाज कधी नव्हे तो मऊ झाला. "आणि तुमच्यासाठी तर बरंच झालं. आता कंपनी आपला माणूस नेमेल. किल्लीचा प्रश्न उरत नाही. पुढच्या सभेच्या चहाला हे इतिवृत्त कायम झालं की लगेच तुमचा राजीनामा. शाल, श्रीफळ, सगळं. जा खुशाल वाईला."

म्हणजे असं होतं ते. खोली गेली की विमलताई सुटणार. खोली राहिली तर विमलताई राहणार, कारण त्या खोलीचं दार उघडायला दुसरं कुणी नव्हतं. बसमध्ये बसून त्यांनी हे सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं, पण त्यात कुठे फट सापडली नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांना आधी आनंदच झाला. घरी गेल्या गेल्या त्यांनी वेणूला फोन लावला. वेणूने दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावून खाट दुरुस्त करून घेतली. कृष्णेकडच्या खिडकीखाली लावली म्हणाली, मला काही दिसत नाही, निदान तू तरी बघ.

बुधवारी भैरूअण्णा आले. विमलताईंनी ठरवलं होतं की सांगायचं नाही, परस्पर कळेल तेव्हा कळेल. पण त्यांना तोंड लपवणं जमलं नाही. अण्णा स्टुलावर टेकल्यावर त्यांनी सांगून टाकलं. खोली बंद होणार, चित्रं वाघोलीच्या गोडाऊनमध्ये जाणार, इथे पडद्यावर दिसतील.

अण्णांनी ऐकून घेतलं. "बरं," ते म्हणाले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि पुन्हा घातली. बराच वेळ विहिरीकडे बघत बसले. उठताना त्यांनी विचारलं, "बाई, वाघोलीला कंचा नंबर जातो?"

"कशाला, अण्णा?"

"न्हाई, येत जाईन तिकडं. तेवढं लांब न्हाई." मग दाराशी वळून, "गोडावनाला खिडकी हाय न्हवं? तिला अंधाराचं भ्या वाटतं. आमच्या मालकिणीला."

विमलताई म्हणाल्या, "बघते." दुसरं काय म्हणणार? तो म्हातारा कापडी पिशवी सावरत पायऱ्या उतरून गेला, आणि विमलताई त्या रिकाम्या खोलीत स्टुलावर बसून रडल्या. अण्णांसाठी रडल्या, की वाईच्या खिडकीसाठी, ते त्यांना सांगता आलं नसतं. नंतर त्यांना रागच आला. त्या म्हाताऱ्याचा राग आला, की तो आजच का आला. आपलाही आला, की आपण त्याला सांगितलंच का. चार दिवस गप्प राहिले असते तर आज बॅग भरत असते!

पुढची सभा भरली. सगळे आले होते, कारण अल्पोपाहार कंपनीकडून होता. टेबलावर शाल आणि नारळ आणून ठेवलेला दिसत होता. दीनानाथांनी मागचं इतिवृत्त वाचलं, मागच्या खोलीच्या ठरावापर्यंत आले, आणि घड्याळ पाहिलं.

"विमलताई, चहाचं बघा."

विमलताई बसून राहिल्या.

"विमलताई? चहा."

"आज नाही," त्या म्हणाल्या.

"दूध नाही का?"

"दूध आहे. साखर आहे. आलंसुद्धा आणलंय. पण आज मी बसणार आहे."

सभेत असं काही कधी झालंच नव्हतं. एकाने घसा खाकरला. उत्कर्षा पटकन उठली, "मी करू का, काकू?" विमलताई म्हणाल्या, "बस खाली, बाळ," आणि ती बसली. मग कुणीतरी सुचवलं की कोपऱ्यावरच्या अमृततुल्यवरून मागवू. त्यावर दीनानाथांनीच मान हलवली. बाहेरच्या चहाने ठराव कायम होतो का, हा मुद्दा याआधी कधी उपस्थित झाला नव्हता, आणि तो आत्ता उपस्थित व्हावा अशी त्यांची इच्छा नव्हती.

"बोला," ते म्हणाले. "काय ते बोला."

विमलताईंना भाषण येत नव्हतं. त्यांनी विहिरीचं सांगितलं. हडपसरचे एकजण म्हणतात त्यांची, बिबवेवाडीच्या सोजरबाई म्हणतात त्यांच्या वडिलांची, वाघोलीचे गुरुजी म्हणतात त्यांच्या गावची. त्यांच्या जमिनी गेल्या, काहींनी विकल्या, पैसेही घेतले, त्याबद्दल मी काही बोलत नाही. पण त्यांना बघायला तेवढी एक विहीर राहिली आहे.

"पण काकू," उत्कर्षा म्हणाली, "ॲक्च्युअली ती विहीर नक्की कुणाची?"

"मला काय माहीत!" विमलताई एकदम ओरडल्या. "कुणाची का असेना! येतात बिचारे, बसतात, जातात. तुझ्या त्या स्क्रीनसमोर बसतील का ते? बोट लावलं की ती बाई मोठी होणार. त्यांना ती मोठी नकोय गं, आहे तेवढीच हवीय!"

उत्कर्षाने लॅपटॉप अर्धा मिटला. ती हळूच म्हणाली की मग ती खोली नसेल तर कंपनी कदाचित नाही म्हणेल. विचारून बघते, पण छपराचं काही सांगता येत नाही.

दीनानाथांनी चष्मा काढून पुसला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, पण दमलेला. "ठीक आहे. खोली राहिली असं धरू. मग बुधवारी ती उघडणार कोण? माझं वय बघा. यांचं बघा. ही मुलगी दिवसभर ऑफिसात. तुम्ही चाललात वाईला. खोली ठेवा म्हणायचं आणि किल्ली टेबलावर ठेवून जायचं, हे कसं चालेल, विमलताई?"

हा प्रश्न येणार हे विमलताईंना ठाऊक होतं. गेले कित्येक दिवस त्या याचंच उत्तर शोधत होत्या. आता त्यांनी सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून पाहिलं. कुणीतरी म्हणेल, मी बघतो. एखादा तरी. एका सभासदाने खिडकीबाहेर बघितलं. दुसऱ्याला नारळाची शेंडी नीट करावीशी वाटली. उत्कर्षा म्हणाली की शनिवारी, म्हणजे जमेल तसं, ती ट्राय करेल. विमलताईंना तिची दया आली. ही दोनदा येईल, फार तर तीनदा.

"मी उघडीन," त्या म्हणाल्या.

"आणि राजीनामा?"

"मागे घेते."

हे म्हणताना त्यांना जराही मोठेपणा वाटला नाही. उलट कुणीतरी आपल्याला फसवलंय आणि फसवणारी आपणच आहोत, असं वाटून डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि तशाच बसून राहिल्या. उठल्या मात्र नाहीत.

मग दीनानाथ उठले. काही न बोलता ते आत ओट्याकडे गेले. भांडी पडल्याचे आवाज आले, काडेपेटी बराच वेळ खरखरत राहिली, मग करपल्या दुधाचा वास आला. मंडळाच्या इतिहासात कार्यवाहांनी आत पाऊल टाकल्याची नोंद नव्हती. ते ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या बुशशर्टवर चहाचा ओघळ होता आणि कप कलंडायच्या बेतात होते. त्यांनी पहिला कप विमलताईंसमोर ठेवला.

विमलताईंनी कपाकडे पाहिलं. घ्यायचा की नाही हे अजून त्यांच्या हातात होतं. शाल समोर होती, वाईची बस स्वारगेटवरून दर तासाला होती. त्यांनी कप उचलला आणि एक घोट घेतला.

"चला," दीनानाथ म्हणाले. "खोली राहिली."

शाल कुणी परत नेली ते कळलं नाही. नारळ फोडून सगळ्यांनी खाल्ला.

दिवेलागणीला विमलताईंनी वेणूला फोन लावला. कुठून सुरुवात करावी हे कळेना, म्हणून त्या सभेबद्दल सांगत राहिल्या. आपण उठलोच नाही, ओरडलो, मग दीनानाथ उठून आत गेले. वेणू मधे काही बोलत नव्हती, म्हणजे तिला कळलं होतं.

"चहा कुणी केला?" तिने शेवटी विचारलं.

"दीनानाथांनी."

"कसा होता?"

"करपलेला. आणि पांचट."

"तरी प्यायलीस?"

दहा वर्षांत त्या मंडळाचे सगळे कायदे वेणूला फोनवरूनच पाठ झाले होते.

"प्यायले," त्या म्हणाल्या.

वेणू म्हणाली, "मग झालंच की, ताई. आता मी काही बोलले तरी ते चहानंतरचं."